गच्चीवरची हसण्याची तालीम

हसणं आपोआप येतं असं ज्यांना वाटतं ना, त्यांनी एकदा टीव्हीच्या स्टुडिओत प्रेक्षक म्हणून बसून दाखवावं. एसी एवढा सोडलेला असतो की दात वाजतात. बटाटावडा गार, चहा त्याहून गार. स्टेजवर चिटपाखरू नसतं आणि कानाला हेडफोन लावलेला माणूस ओरडतो, "चलो, अभी सब लोग जोर से हँसो." कशाला हसायचं, हे विचारायचं नाही. ते हसू टेपवर भरून ठेवतात आणि नंतर हवं तिथे चिकटवतात. कॅमेऱ्यासाठी पांढरे कपडे नकोत, काळे नकोत, बारीक चौकटीचे तर मुळीच नकोत. मी हे सगळं नियमाने करते. मी उर्मिला परुळेकर, राहणार शांती नगर, मीरा रोड. आमच्या बी विंगमधली सुलू स्टुडिओंना माणसं पुरवते, आणि सुलूच्या यादीत पहिलं नाव माझं असतं, कारण मी वेळेवर येते आणि वेळेवर हसते.

पैशासाठी जाते असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे. मला विनोदवाले समोर बघायला आवडतात. टीव्हीवर त्यांचं नुसतं तोंड दिसतं. स्टुडिओत पँटच्या आत थरथरणारा गुडघासुद्धा दिसतो. जळगावचा एक जाडा यायचा, तो एकटा तोंडाने अख्खा लग्नाचा बँड वाजवायचा, आणि त्यात एक क्लॅरिनेटवाला रुसलेला असायचा. टीव्हीवर बघाल तर ठीकच आहे. समोर बसले होते तेव्हा मला हसून हसून उचकी लागली. तो बँड थांबवून म्हणाला, "मावशी, ढोल माझ्या मागून वाजवा." सगळा हॉल माझ्याकडे वळला. घरी येऊन मी महिनाभर तेच सांगत होते. आमचे हे, म्हणजे काशीनाथ परुळेकर, विमा कंपनीत हेडक्लार्क, ते म्हणाले, "बरं." यांचं हसणं म्हणजे एवढंच. फारच आवरेना तर बाल्कनीत जाऊन वाळत घातलेल्या कपड्यांकडे तोंड करून हसतात.

अशा माणसाचा मुलगा विनोदवाला व्हायला निघाला, आता बोला. कौस्तुभ बी.कॉम. झाला आणि नोकरी शोधायची सोडून बाथरूममध्ये नळ सोडून विनोद म्हणायला लागला. मीरा रोडला नळ सोडून! पाणी तासभर येतं, त्यात हा नळाच्या आवाजात आपला आवाज लपवणार. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सातला, टीव्हीवर जिकडेतिकडे हसवायच्या स्पर्धा चालल्या होत्या. कौस्तुभ त्यातल्या एका मराठी स्पर्धेच्या निवड-फेरीला गुपचूप जाऊन आला आणि निवडला गेला. मग घरात सांगितलं. मी देवापुढे साखर ठेवली. ह्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पहिल्याच फेरीत बाहेर पडलास, तर संगमनेरला जायचं. दाजींनी जागा ठेवलीय."

दाजी म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहिणीचे यजमान. त्यांची सिमेंटची एजन्सी आहे. गोदामाच्या तोंडाशी टेबल टाकून दिवसभर गोण्या चढताना-उतरताना बघायच्या, असं ते काम. कौस्तुभने मान हलवली.  रात्री जेवताना त्याने नुसता भात चिवडला. माझं पोर गोण्यांच्या धुळीत बसलेलं मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

आता मी काय नुसती बसून राहणार? मी त्या हॉलमध्ये चांगली चांगली माणसं बुडताना बघितली आहेत. विनोद चांगला असतो, पण पब्लिक जेवून सुस्तावलेलं असतं, नाहीतर थंडीने गारठलेलं. बायका शालीच्या आत हात घालून बसतात, टाळीसुद्धा ऐकू येत नाही. एकदा का पहिला विनोद पडला की स्टेजवरच्याच्या घशाला कोरड पडते आणि मग सगळंच पडत जातं. तेव्हा मी ठरवलं, त्या दिवशीचं पब्लिक आपलं. सुलूला गाठलं आणि सांगितलं, "ह्या खेपेला बाहेरचं कुणी नको. आख्खी बस आपल्या सोसायटीची." सुलूला काय, डोकी भरल्याशी मतलब. ती हो म्हणाली.

आणि मग मी गच्चीवर तालीम घेतली. पापड वाळत घातले होते ते एका बाजूला सरकवले आणि सतरंज्या टाकल्या. कौस्तुभचे विनोद मला बाथरूमच्या दाराला कान लावून पाठ झाले होतेच. ते मी सगळ्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितले. कीर्तनात बघा, कथा माहीत असते म्हणूनच माणसं डोलतात. मग विनोदाला का नाही, असा माझा हिशेब. एक विनोद आमच्या लिफ्टचा होता: रिकामी असली की सुळकन वर जाते, आत माणूस शिरला की विचार करत बसते. दुसरा पाण्याच्या टँकरचा: मीरा रोडला पाहुण्याला विचारतात, चहा घेणार की हातपाय धुणार, दोन्ही जमणार नाही. असे बरेच.

"आणि उशीर करायचा नाही," मी बजावलं. "उशिरा हसलात तर तुमचं हसू पुढच्या विनोदावर सांडतं."

तळमजल्यावरच्या भानुबेन म्हणाल्या, "उर्मिलाबेन, मराठी समजते, पण हसायला जरा टाइम लागते."

"म्हणून तर तालीम," मी म्हटलं आणि त्यांना पुढे घेतलं.

काळूरामला मी मुद्दाम बोलावलं होतं. काळूराम घोडबंदर गावचा, बस त्याची, आणि स्वतःच चालवतो. वाडवडिलांची भातशेती होती, आता दोन बसगाड्या आहेत. प्रेक्षकांना सोडून तो बसमध्येच झोपायचा. पण त्याचं पोट असं होतं की ते हललं तर कॅमेऱ्याला लांबूनही दिसेल. तो हसेल का ते मात्र माहीत नव्हतं. तालमीत त्याच्या चेहऱ्यावरची माशी उठली नाही.

"वहिनी, हसू न्हाय आला तं काय करू?" त्याने विचारलं.

"पोट हलव," मी सांगितलं. "आवाज मी बघून घेते."

कौस्तुभला ह्यातलं काही माहीत नव्हतं. त्याला वाटलं, आई पापडाला गेलीय.

शूटिंगच्या दिवशी मी सगळ्यांना स्वेटर घ्यायला लावले आणि बसमध्ये तीळगुळाच्या वड्या वाटल्या, घसा मऊ राहावा म्हणून. हे पण आले. रजा टाकून आले, पण चेहरा असा की ऑफिसच्या ऑडिटला चाललेत. घोडबंदरच्या बाजूला तो स्टुडिओ. आत शिरल्यावर मी माणसं नेमून बसवली. भानुबेन पहिल्या रांगेत माझ्या शेजारी, काळूराम तिसऱ्या रांगेत मधोमध, हे कोपऱ्यात. आणि सगळ्यांना कानात सांगितलं, "दुसऱ्यांच्या वेळी फार हसू नका. दम पुरवायचाय."

ते त्यांनी इतकं मनावर घेतलं म्हणून सांगू. कौस्तुभच्या आधी परभणीचा एक आणि गोरेगावची एक मुलगी येऊन गेली. मुलगी तर छान होती, सासूचं आणि मिक्सरचं भांडण करून दाखवलं तिने. मला आतून हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या. पण आमची माणसं परीक्षेला बसल्यासारखी सरळ. हेडफोनवाला घाम पुसत सुलूला म्हणाला, "कहाँ से लाई है ये पब्लिक?" सुलूने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

मग कौस्तुभ आला. निळा शर्ट मीच इस्त्री केलेला. माइक हातात धरला तेव्हा त्याचा अंगठा पांढरा पडलेला मला दिसला. दोन परीक्षक उंच खुर्च्यांवर पाय अधांतरी सोडून बसले होते. कौस्तुभने पब्लिककडे बघितलं, आम्हाला ओळखलं, आणि त्याचा चेहराच बदलला. पण कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला होता.

"नमस्कार," तो म्हणाला. "मी मीरा रोडला राहतो. आमच्या सोसायटीत एक लिफ्ट आहे."

बस. हॉल फुटला. भानुबेननी मांडीवर थाप मारली. मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. काळूरामचं पोट तालात वरखाली. एवढं हसले, एवढं हसले की कौस्तुभला पुढचं बोलायला जागाच राहिली नाही. आणि हसू ओसरल्यावर त्याने लिफ्ट वर जाते ते सांगितलं, तेव्हा टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. ते हसून मोकळे झाले होते ना.

परीक्षकांनी एकमेकांकडे बघितलं. कौस्तुभने घाईघाईने दुसरा विनोद काढला. "उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर..." पुन्हा तेच. टँकर म्हणायचा अवकाश, सगळे गडगडले. मी भानुबेनना डोळ्यांनी सांगत होते की थांबा, आत्ता नाही. त्यांना वाटलं, कमी पडतंय. त्यांनी तोंड अजून मोठं उघडलं. मी स्वतः शिकवलेली माणसं, आणि एकाला थांबवता येईना.  संगमनेरची एसटी मला लागलेली दिसायला लागली.

कौस्तुभ थांबला. माइक खाली घेतला. हॉल गप्प झाला आणि तेव्हा एसीचा आवाज ऐकू आला. एक परीक्षक पेन उघडून काहीतरी लिहायला वाकला. मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे बोल ना."

कौस्तुभने माझ्याकडे बघितलं. मग पुढे आला, स्टेजच्या अगदी काठावर, आणि खाली वाकून म्हणाला, "भानुबेन, लिफ्टचं पुढे काय होणार, तुम्हाला ठाऊक होतं?"

भानुबेन कधी खोटं बोलत नाहीत. "हा," त्या म्हणाल्या. "उर्मिलाबेनने गच्चीवर क्लास घेतला ना."

हॉलच्या मागून कॅमेरावाला फिस्सकन हसला. तो आमचा नव्हता.

"क्लास," कौस्तुभ म्हणाला. "काळूरामदादा, तुम्ही पण क्लासला?"

काळूराम उभा राहिला. शाळेत उभं राहतात तसा. "व्हय. मना सांगितलान का पोट हलवाचा. आवाज वहिनी बघून घेनार हाय."

आता परीक्षकच हसले. लिहिणाऱ्याने पेन खाली ठेवलं. कौस्तुभने अंग ताठ केलं, पदर नसताना पदर खोचला, मान तिरकी केली आणि माझा आवाज काढला. माझा. जसाच्या तसा.

"हसा. असं नाही, नीट हसा. दात दिसू देत, हिरड्या नकोत. अहो, तुम्ही कोपऱ्यात काय करताय, तुम्हाला हसायचं नाहीये, तुम्ही नुसते बसा."

मग तो स्वतःच्या आवाजात म्हणाला, "ही माझी आई. आमच्या घरी रडायलासुद्धा परवानगी लागते. लहानपणी मी पडलो, गुडघा फुटला, की आई म्हणायची, थांब, दूध उतू जातंय, मग रड. मी थांबायचो. दूध उतरवून, गॅस बंद करून, ओटा पुसून आई म्हणायची, हां, आता रड. तोवर माझं रडू गेलेलं असायचं. तर म्हणायची, बघ, लागलंच नव्हतं."

काय सांगू. ती माणसं हसली. शिकवलेलं हसू नव्हतं ते. कुणाला रांग आठवली नाही, कुणाला हिरड्या आठवल्या नाहीत. सुलू खुर्चीखाली वाकली होती. काळूराम, ज्याच्या चेहऱ्यावरची माशी उठत नव्हती, तो दोन्ही हातांनी पोट धरून "बस कर पोरा" म्हणत होता. आणि मला काय वाटत होतं विचाराल तर मला संताप आला होता. मी ज्याच्यासाठी पापड सरकवले, तो सगळ्या महाराष्ट्रासमोर माझा ओटा काढतो. आणि संतापाच्या खाली वाईटही वाटत होतं, कारण त्या गुडघ्याची खूण अजून आहे आणि मला वाटायचं, तो विसरला. मी तोंड आवळून बसले. कॅमेरा माझ्यावर आला. बाजूच्या मोठ्या पडद्यावर माझं ते तोंड एवढं थोरलं दिसलं आणि हॉल परत फुटला. हेडफोनवाला माझ्या पायाशी ओणवा येऊन हात जोडत होता, "आंटी, प्लीज, ऐसा ही मुँह रखो."

तेवढ्यात कोपऱ्यातून एक आवाज आला. आधी खोकल्यासारखा, मग शिट्टीसारखा. मी वळून बघितलं तर हे. खुर्चीचा दांडा धरून, चष्मा हातात, डोळ्यांतून पाणी. लग्न झाल्यापासून मी ह्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. इथे बाल्कनी नव्हती ना.

कौस्तुभ पुढच्या फेरीत गेला. परीक्षक म्हणाले, "पुढच्या वेळी लिफ्ट घरी ठेवून या. हे असलं आणा." परतीच्या बसमध्ये भानुबेनपासून सगळ्यांनी माझी नक्कल केली. काळूरामने तर गाडी सुरू करायच्या आधी मागे वळून विचारलं, "वहिनी, चालवू का? का आदी ओटा पुसताव?" मी खिडकीबाहेर बघत घरी आले आणि जाहीर केलं, "आजपासून ह्या घरात मी एक शब्द बोलणार नाही. बोललं की स्टेजवर जातं."

आणि नाही बोलले. चहा टेबलावर आपटायचा, ताट सरकवायचं, बस. भाजीवाल्याशीसुद्धा बोटाने बोलले. दार उघडं ठेवून गेल्याबद्दल कचरेवाल्याला सोडून दिलं, ह्यावरून काय ते समजा. हे पेपरच्या आडून माझ्याकडे बघत होते. कौस्तुभने दोनतीनदा सॉरी म्हटलं, मी डाळ निवडत राहिले.

पण मग मला दिसायला लागलं की पोराचं काही खरं नाही. नवे विनोद हवे होते आणि त्याला सुचत नव्हतं. लाइटबिलाच्या पाठीवर काहीतरी लिहायचा आणि खोडायचा. माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात यायचा, उगाच डबे उघडून बघायचा. मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकून ठेवला त्याने. मी तो उचलून वाळत घातला, तोंडातून चकार शब्द काढला नाही. तो टॉवेलकडे बघत राहिला. दुसऱ्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी मी आत कणीक मळत होते आणि बाहेरून त्याचा आवाज आला. अगदी हळू.

"बाबा, जमत नाहीये. उद्या जाऊन तोंडावर पडण्यात अर्थ नाही. दाजींना सांगा, मी येतो."

 आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. दाजींचाच. रविवारी संध्याकाळी कॉल स्वस्त असतात असं त्यांना अजून वाटतं, तेव्हाच ते करतात. ह्यांनी उचलला. "हो दाजी," हे म्हणाले. "नाही, तसं पुढे गेला तो, पण... हो. तो स्वतःच म्हणतोय..."

मी कणकेच्या हाताने बाहेर आले आणि ह्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"दाजी, नमस्कार. उर्मिला बोलतेय. बसलात का? बसा. जरा वेळ लागेल. कौस्तुभ येणार नाही. नाही म्हणजे नाही. अहो, सिमेंट विकायला माणूस कशाला लागतो? ज्याला घर बांधायचंय तो येतो आणि घेऊन जातो. सिमेंट काय कुणी हौसेने घेतं? संध्याकाळी फिरायला निघालो होतो, म्हटलं जाता जाता एक गोणी घेऊ, असं कुणी म्हणतं का? आणि तुमच्याकडे बसून त्याचं काय होणार, ते मला दिसतंय. तुमच्यासारखं होणार. तुम्ही शेवटचे हसलात कधी, आठवतंय? मी सांगते. तुमच्या कुसुमच्या लग्नात. व्याही मांडवात घसरून पडले तेव्हा. आणि तेसुद्धा तुम्ही आधी इकडेतिकडे बघून घेतलंत."

माझं तोंड सुटलं ते सुटलंच. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं. आणि बोलता बोलता मला मागे कागदावर पेनाची खसखस ऐकू आली. शोकेसच्या काचेत बघितलं. कौस्तुभ जमिनीवर बसला होता, लाइटबिल गुडघ्यावर, भराभरा लिहीत होता. मध्येच त्याचं पेन अडलं. त्याने झटकलं, परत झटकलं. ह्यांनी खिशातलं आपलं ऑफिसचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि गुपचूप त्याच्या हातात दिलं. ते पेन हे कुणालाही देत नाहीत. मला तर कधीच नाही.

 पण थांबून चालणार नव्हतं, पोराचं लिहायचं राहिलं असतं. मी आवाज जरा चढवला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "इकडे, तिकडे, बघून, हसलात."

"वहिनी, कळलं हो," दाजी म्हणाले. "एकच गोष्ट दोनदा कशाला सांगताय?"

काचेत बघितलं. कौस्तुभचं अजून लिहून व्हायचं होतं. मी तिसऱ्यांदा सांगितलं.